मुलीच्या मागच्या सीटवर

मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर आहे. अमरावतीत राहतो. अपघात झालेली गाडी गॅरेजात आली की ती तपासायची, काय मोडलं, कशाने मोडलं, काय दुरुस्त होईल आणि काय बदलावं लागेल ते लिहून द्यायचं, हे माझं काम. माणसं माझ्यासमोर क्वचित येतात. ती दवाखान्यात असतात, घरी असतात, काही कुठेच नसतात. माझ्यासमोर फक्त गाडी उभी असते आणि ती बरंच सांगते. मोटरसायकल असेल तर मी आधी समोरचे शॉकअप पाहतो. पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या या दोन नळ्या. त्या मागे दबलेल्या असतील तर गाडी समोरून कशाला तरी आदळलेली असते, आणि मग टाकीकडे पाहायची माझी इच्छा होत नाही. टाकीवरचा पोचा लोखंडाने पडलेला नसतो. तो चालवणाऱ्याच्या शरीराने पडलेला असतो.

असं काम करणाऱ्या माणसाच्या मुलीने मोटरसायकल घेतली.

तिने आधी सांगितलं नाही. तेवीस वर्षांची, शिक्षण संपवून अकोल्याला एका बियाण्याच्या कंपनीत लागलेली. कंपनीसाठी काही शेतकरी बियाण्याचं सोयाबीन पेरतात. त्या शेतांवर जाणं, पीक पाहणं, नमुने आणणं हे तिचं काम. राहायला अकोल्यात खोली आणि शनिवारी घरी. गाडी घेतल्यावर तिचा फोन आला.

"स्कुटी शेतात जात नाई बाबा. काळ्या मातीत छोटं चाक फसते. मोठ्या चाकाचीच पाहिजे."

कारण बरोबर होतं. ओली काळी माती चाकाला गुंडाळत जाते आणि मडगार्डात अशी भरते की गाडी उभीच राहते. मी "बरं" म्हणालो. जेवण अर्धं टाकून उठलो. बायकोने विचारलं तर पोट ठीक नाही असं सांगितलं.

मी स्वतः बिनगिअरची स्कूटर चालवतो आणि काटा चाळीसच्या पुढे जाऊ देत नाही. शेजारचा भाजीवाला मला मागून येताना पाहून रस्ता ओलांडतो आणि वर म्हणतो, "साहेब, तुमी येऊन राहिले म्हणजे टाइम आहे."

सुरुवातीचे काही आठवडे बरे गेले. तिच्या ऑफिसातल्या एका मुलीने तिला मैदानात शिकवलं आणि रोज संध्याकाळी मला फोन येत असे. चेन आवाज करते, काय करू. टायरात हवा किती ठेवू. मी सांगत असे, पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही, पांढऱ्या पट्ट्यावर पाणी असेल तर त्यावर ब्रेक मारायचा नाही, ट्रकच्या बाजूला रेंगाळायचं नाही. ती प्रत्येकाला "हो बाबा" म्हणायची. तिच्या आवाजात भीती होती आणि त्या भीतीवर मी निर्धास्त होतो.

मग फोन कमी झाले. गाडीबद्दलचे तर थांबलेच. एका शनिवारी ती अकोल्याहून एसटीऐवजी मोटरसायकलवरच आली. दारात हेल्मेट काढलं, आतला पांढरा दुपट्टा सोडला आणि पाणी पिता पिता म्हणाली, "एक तास चाळीस मिनिटं. मूर्तिजापूरले चहा धरून."

अकोला-अमरावती अंतर शंभराच्या थोडं आत आहे. चहाची वीस मिनिटं वजा केली तर वेग सत्तरच्या वर निघतो, आणि हा झाला सरासरी वेग. गावं, वळणं, टोलची रांग हे सगळं त्यात धरलेलं. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर तिने काटा कुठे नेला असेल, हे मी मनात काढलं.

"साठच्या वर जाऊ नको," मी म्हणालो. "साठवर सुद्धा एका सेकंदात गाडी जवळपास पावणेसतरा मीटर जाते. एक एसटी आणि तिच्या मागे उभी एक मोटार, एवढी लांबी. तुले समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढी जागा गेली."

"मले माहीत आहे बाबा."

"माहीत असून सत्तरनं आली?"

"मले आता गाडी समजली. तुमी कायले टेन्शन घेता?"

हे वाक्य मी गॅरेजांमध्ये नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. गाडी त्याला चांगली समजली होती हो, सवय होती त्याची. अगदी नवशिके माझ्याकडे कमी येतात, निदान मला तसं वाटतं. ते घाबरलेले असतात, हळू जातात, पडले तर उभ्या गाडीवरून पडतात. ज्यांची भीती नुकतीच गेलेली असते त्यांच्या गाड्या जास्त मोडून येतात. हे मी तिला सांगितलं. माझा अंदाज म्हणून सांगितलं, कारण याचा आकडा माझ्याकडे नाही आणि नसलेला आकडा मी मुलीलाही सांगणार नाही.

ती पोळी मोडता मोडता थांबली. "बाबा, तुमी फक्त मोडलेल्या गाड्या पाहता. ज्या सायंकाळी नीट घरी जाते त्या तुमच्याकडे येते का? मंग तुमाले कसं समजन किती जण पडते आन किती नाई?"

तिचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. माझ्यासमोर येणारा नमुनाच एकतर्फी होता. पण भीतीला हे पटवून देता येत नव्हतं. रविवारी दुपारी ती परत निघाली. हेल्मेटच्या आत दुपट्ट्याचे दोन वेढे असल्याने हनुवटीखालचा पट्टा पुरत नव्हता. तो तसाच लोंबत होता.

"पट्टा लाव."

"लागत नाई दुपट्ट्यावर. दुपट्टा नाई बांधला तं ऊन लागन."

"मंग पातळ बांध."

"कान झाका लागते ना," बायको मधेच म्हणाली, कारण आमच्याकडे ऊन कानातून शिरतं यावर तिचा माझ्या सर्व आकड्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. दोघींनी मला हरवलं. मुलगी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली आणि तिच्या मानेजवळ पट्ट्याचं प्लास्टिकचं टोक हलत होतं तेवढं मला दिवसभर दिसत राहिलं.

दिवाळी जवळ आली होती, सोयाबीन निघालं होतं. बायको माझी अवस्था बघून कंटाळली. "अवो, घरात येरझारा मारून काय होते? शनिवारी तुमी अकोल्याले एसटीनं जा आन तिच्या मांगे बसून या. पाहा तरी कशी चालवते. चांगली चालवत असन तं माह्या जिवाले घोर लावणं बंद करा."

मुलीला फोन केला तर ती हसली. पण येताना एका शेतावर जायचं आहे, हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याने भातकुलीकडून अमरावती गाठू, असं तिने सांगितलं. आणि अकोल्याच्या बसस्टँडबाहेर मला घ्यायला आली तेव्हा गाडीवर बसू देण्याआधी तिने दोन अटी घातल्या.

"मधात बोलायचं नाई. तुमी बोलले की मले मांगे पाहा लागते. आन गाडी वाकली की तुमी बी तिकडेच वाका. घाबरून उलटे नका होऊ, गाडी ओढल्यासारखी होते."

दोन्ही गोष्टी योग्य होत्या. मी कबूल झालो. बॅग मधे ठेवली, तिने माझ्यासाठी आणलेलं दुसरं हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा लावला आणि मागे बसलो. तिचा पट्टा लोंबतच होता.

बोरगावपर्यंत मी डोळे उघडे ठेवू शकलो नाही, हे खरं आहे. तिच्या खांद्यावरून काटा दिसत होता आणि मला तो बघायचा नव्हता. आमच्या उजवीकडून ट्रक गेला की हवेचा धक्का बसे, गाडी किंचित हले, ती सावरून घेई. तिच्या हातांना ते सरावाचं होतं. माझ्या गुडघ्यांना नव्हतं. ट्रकचं मागचं चाक माझ्या गुडघ्याच्याही वर येतं, हे इतक्या जवळून मला पहिल्यांदा समजलं. पण हळूहळू मला हेही मान्य करावं लागलं की ती चांगली चालवत होती. आरशात पाहत होती, वळण्याआधी दिवा लावत होती. मूर्तिजापूरला चहा पिताना तिने विचारलं, "काय मंग?"

"चांगली चालवतेस."

"पण?"

"पण काटा पासष्टवर होता."

"रस्ता मोकळा होता बाबा."

आम्ही हमरस्ता सोडला. शेतावरचं तिचं काम अर्ध्या तासात झालं आणि मग भातकुलीच्या दिशेने आतल्या डांबरी रस्त्याला लागलो. दोन गाड्या एकमेकींना जेमतेम ओलांडतील एवढा रस्ता, दोन्हीकडे बाभळी. आणि रस्त्यावर सोयाबीन.

ज्याने हे पाहिलेलं नाही त्याच्यासाठी सांगतो. सोयाबीन निघालं की वाळवायला खळं लागतं, आणि खळी आता कोणाकडे राहिली नाहीत. डांबर तापतं, सपाट असतं, म्हणून गावाजवळ अर्ध्या रस्त्यावर दाणे पसरतात. वाहनं वरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगडगोट्यांची रांग लावतात. सगळे याबद्दल कुरकुर करतात आणि सगळे हेच करतात. माझ्या धाकट्या भावाचं सोयाबीनही नांदगाव खंडेश्वरकडे असंच रस्त्यावर वाळतं आणि त्यातलं वर्षाचं आमच्याही घरी येतं, त्यामुळे मला बोलायचा फारसा हक्क नाही.

पहिला पट्टा दिसला तेव्हा माझ्या मुलीने गाडी उजवीकडे घेतली, गोट्यांच्या बाहेरून काढली आणि पुन्हा डावीकडे आणली. समोरचं लांबपर्यंत दिसत होतं. दुसऱ्या पट्ट्यालाही तसंच. वेग कमी केला नाही. मला त्या क्षणी कळलं की ती दाण्यांना घाबरून बाजूला जात नव्हती. ती दाण्यांना जपत होती. या भागात तिच्या कंपनीचं बियाणं पिकतं. टायर दाण्यावरून गेलं की वरचं पातळ साल तडकतं आणि तो दाणा पेरला तर उगवत नाही, हे तिने मला घरी एकदा दोन दाणे हातावर घेऊन दाखवलं होतं. पाहणाऱ्याला काही दिसत नाही, तिला दिसतं. त्यामुळे सोयाबीन दिसलं की तिचे हात विचार न करता उजवीकडे वळत होते.

तिसरा पट्टा वळणावर होता.

वळणाच्या आतल्या बाजूला बाभळी दाट होत्या. पलीकडचं काही दिसत नव्हतं. काटा पन्नास आणि साठच्या मधे होता. मला वाटलं, आता हळू करेल. मी शब्द दिला होता म्हणून बोललो नाही, नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने गाडी उजवीकडे घेतली. आमच्या डाव्या हाताला गोट्यांची रांग सुरू झाली, आणि बाभळींच्या मागून ट्रॅक्टर आला.

ट्रॅक्टरच्या मागे पोत्यांनी भरलेली ट्रॉली होती आणि तो त्याच्या बाजूने, बरोबर बाजूने, येत होता. चुकीच्या बाजूला आम्ही होतो. मला ट्रॅक्टरची समोरची जाळी दिसली, तिच्यावर बांधलेली झेंडूची माळ दिसली. माझ्या मनात त्या वेळी काय आलं असं नंतर बायकोने विचारलं. मनात टाकी आली. पोचा पडलेली टाकी. आणि या वेळी तिच्यावर कोण असेल हे मला माहीत होतं.

मुलीने हँडल डावीकडे ओढलं. पुढचं चाक दोन गोट्यांच्या मधून दाण्यांवर गेलं, तिने दोन्ही ब्रेक दाबले आणि गाडी खालून निघून गेली. याला पडणंसुद्धा म्हणता येणार नाही. डांबर आहे असं वाटत होतं आणि ते नव्हतं, फक्त गोल गोल काहीतरी होतं जे सगळीकडे धावत होतं. मी डाव्या कुशीवर आपटलो आणि दाण्यांवरून घसरत गेलो. कानात ट्रॅक्टरच्या ब्रेकचा आवाज होता.

डोकं वर केलं तेव्हा मला रस्त्यावर तिचं हेल्मेट घरंगळत जाताना दिसलं. लाल हेल्मेट. ते स्वतःभोवती फिरत, हळूहळू, ट्रॅक्टरच्या चाकाकडे गेलं आणि चाकाला टेकून थांबलं. ट्रॅक्टर थांबला होता. हेल्मेटचं तोंड दुसरीकडे होतं. आत काही आहे की नाही ते मला दिसत नव्हतं.

याच्यापुढे किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. मी हिशेबाचा माणूस आहे, पण त्या वेळेला माझ्याकडे माप नाही.

"बाबा."

ती माझ्या मागे होती. दाण्यांत बसली होती, दुपट्टा डोक्याला तसाच गुंडाळलेला, डावं कोपर सोललेलं. "बाबा, तुमाले लागलं का?"

मी नाही म्हणालो. माझं मनगट सुजायला लागलं होतं, ते मला घरी गेल्यावर कळलं.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. तिशीतला माणूस. आधी त्याचा आवाज चढला, "रस्ता काय तुमचा एकट्याचा आहे का?" पण बोलता बोलता त्याने हेल्मेट उचललं, त्यात डोकावून पाहिलं, आणि मग तो ट्रॉलीला टेकून खाली बसला.  थोड्या वेळाने त्याने सीटखालून पाण्याची बाटली काढून माझ्या मुलीला दिली.

तेवढ्यात बाभळीखालून एक म्हातारी आली. हातात दाणे हलवायचं लाकडी फावडं. सोयाबीन तिचं होतं. तिने आधी मुलीचं कोपर उलटंपालटं करून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहो, तुमी मांगे बसून काय करत होते?"

मी शर्टाला चिकटलेले दाणे झटकले.

"मावशी, दाणा फुटला असता तुमचा," मुलगी म्हणाली. "म्हणून बाजूनं घेतली मी. बियाण्याचं आहे ना हे?"

"बियाण्याचंच आहे. मंग?" म्हातारीने फावड्याने आमच्या घसरणीने पडलेला पट्टा दाखवला. डांबराची काळी वाट दिसत होती आणि दोन्ही बाजूंना दाण्यांचे ढीग. "फुटलेलं मिलमधी जाते. तेल निघते त्याचं. तुह्यं काय निघालं असतं?"

ट्रॅक्टरवाला हसला आणि लगेच थांबला.

"आजी, पण गोटे वळणावर लावले तुमी," मी म्हणालो. "येणाऱ्यानं जायचं कुठून?"

"जायचं कायले? थांबायचं. पाहायचं कोणी येऊन राहिलं का. एवढ्या गाड्या थांबते, ह्या पोरीले काय झालं थांबाले? आन वळणावर ऊन जास्त येते, म्हणून लावले." तिचं दुसरं म्हणणं मला पटलं नाही आणि मी तसं म्हणालोही. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती मुलीशी बोलत होती. "पहिल्या पट्ट्यापासून आइकून राहिली मी तुही गाडी. आवाज कमी झालाच नाई एकडाव."

 हेच मी तिला सांगायला आलो होतो, आकड्यांसकट, आणि ते एका वाक्यात सांगून झालं होतं.

गाडी उभी केली. मी सवयीने खाली बसलो आणि तपासू लागलो. डावा फुटरेस्ट वाकलेला. क्लचचा लिव्हर टोकाला वळलेला, पण धरता येण्याजोगा. डावा आरसा फुटलेला. हँडल सरळ. टाकीवर फक्त ओरखडे. इतकी वर्षं मी गाड्या तपासल्या, पण तपासताना गाडीचा माणूस शेजारी उभा राहून श्वास घेताना ऐकू येतो आहे, असं क्वचितच झालं असेल. शेवटी मी पुढच्या चाकासमोर आलो आणि शॉकअप पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी पाहा. चालन का गाडी? तुमी म्हणान तसं करतो."

गाडी घेतल्यापासून, पहिले ते आठवडे सोडले तर, तिने मला काही विचारलं नव्हतं. आता विचारत होती. आणि मला माहीत होतं की मी फक्त "शॉकअप वाकला आहे" एवढं म्हटलं की पुरे. तिला ते नुसत्या डोळ्यांनी कळलं नसतं. ट्रॅक्टरवाल्याने गाडी ट्रॉलीत टाकून भातकुलीला सोडली असती, तिथून आम्ही एसटीने घरी आलो असतो, आणि ही गाडी मी कुठल्या तरी गॅरेजात कायमची उभी करून ठेवली असती. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम, स्पष्ट, उभं राहिलं. मला ते म्हणायचं होतं. आयुष्यात कुठल्या गाडीबद्दल खोटं सांगायची एवढी इच्छा मला झाली नव्हती.

मी पुन्हा एकदा नळ्यांवरून हात फिरवला. दोन्ही सरळ होत्या. बोटांना कुठेच काही लागलं नाही. मी आशेनेच शोधत होतो.

तिने मला एकदाच विचारलं होतं. उत्तर खोटं निघालं असतं तर पुन्हा विचारलं नसतं, आणि दुसरी गाडी तिने कधीतरी घेतलीच असती.

"शॉकअप सरळ आहे," मी म्हणालो. "गाडी चालन. फुटरेस्ट वाकला आहे, गिअर टाकताना पाय अडकन, सांभाळून. एक आरसा नाही. चाळीसच्या वर न्यायची नाही. दाणे दिसले की पूर्ण थांबायचं."

"आन तुमी? एसटीनं येता का?"

"मी मांगेच बसतो."

  ती ट्रॅक्टरकडे गेली, हेल्मेट घेतलं, डोक्यावरचा दुपट्टा सगळा सोडला, एकदाच सैलसर गुंडाळून कानांवरून घेतला आणि वर हेल्मेट घातलं. पट्टा हनुवटीखाली आला आणि टक् असा आवाज झाला. मी काही सांगितलं नव्हतं. म्हातारी तोवर आमच्या वाटेवर दाणे परत ओढून घेत होती. मुलीने तिच्या हातातलं फावडं मागितलं तर तिने दिलं नाही. "जाय तू. हळू जाय."

तिथून घरापर्यंत मला आधीपेक्षा जास्त भीती वाटली. आधी जे होऊ शकतं ते मला माहीत होतं. आता ते कसं होतं हे माझ्या अंगाला माहीत झालं होतं. प्रत्येक बाभळीमागे ट्रॅक्टर होता. पुढचे पट्टे आले तेव्हा ती थांबली, पाय टेकवले, मान पुढे काढून पाहिलं, मग निघाली. तिचे खांदे ताठ होते.  भातकुली मागे पडली, शहर आलं, आणि आमच्या कोपऱ्यावर भाजीवाल्याने आमच्याकडे पाहून निवांत रस्ता ओलांडला.

बायकोने दार उघडलं. कोपर पाहिलं, माझं मनगट पाहिलं. "चांगली चालवते म्हणे," एवढंच म्हणाली आणि हळद गरम करायला आत गेली. त्या दिवशी तिने मला दुसरं काही विचारलं नाही. मुलीला मात्र बरंच विचारलं, आणि पातळ दुपट्ट्यावरून दोघींचं भांडणही झालं. या वेळी मुलगी हरली नाही.

ती अजूनही मोटरसायकलवर येते. मला हे आवडत नाही आणि मी ते तिला सांगितलेलं आहे. वाटेत असताना मी फोन करत नाही, कारण खिशात फोन वाजला की लक्ष जातं, असं ती म्हणाली आणि ते मला पटलं. त्यामुळे शनिवारी दुपारी ती निघाल्याचा निरोप येतो आणि मग काही नाही. मी फोन टेबलावर उपडा ठेवतो. सोमवारी गॅरेजात काय काय आलेलं असेल याचा विचार करायचा नाही असं ठरवतो आणि करतो. कधी तिच्याच मॉडेलची, तिच्या गाडीसारखीच लाल गाडी आलेली असते. तेव्हा मी आधी नंबर पाहतो, मग शॉकअप.

मागच्या शनिवारी तिला नेहमीपेक्षा उशीर झाला. गेटाचा आवाज आला तेव्हा मी उपडा फोन सरळ केला. ती आत आली, पट्टा काढला, हेल्मेट टेबलावर ठेवलं. रागात होती.

"काय झालं?"

"आतल्या रस्त्यानं आली. एका ठिकाणी सोयाबीन होतं, वळण होतं, म्हणून थांबली. मांगून एक पोट्टा हॉर्न वाजवून राहिला, वाजवूनच राहिला. मी हलली नाई. तं बाजूनं काढली त्यानं गाडी अन् जाता जाता मले म्हणते, आंटी, घरीच बसत जा."

बायको आतून हसली. "तेवीस वर्षाची आंटी."

"मंग?" मी विचारलं. "वळणापलीकडे काही होतं का?"

"काहीच नव्हतं बाबा. रिकामा होता रस्ता. गेला तो सटकन." ती खुर्चीत बसली आणि बूट काढू लागली. "मी थांबलीच होती तरी."

तो मुलगा कोण, कुठला, मला माहीत नाही. रस्ता रिकामा निघाला, आणि पुढच्या वळणावरही तो तसंच करेल. मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो.  तिचा वेग किती होता ते मी विचारलं नाही.